कोणतं शहर आपलं?

सदर : घर आणि संसार



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे कुठे पाठवायचे? पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला नगरलाच ठेवायचे की पुण्याला धाडायचे? मामा मुंबईला आहे, त्याच्याकडे सोय होईल का? की संभाजीनगरला नागसेनवनात नाव घालावे? मग ही चर्चा एका पोरापुरती राहत नाही. घरधनी म्हणतो, आपणच सगळे शहरात जाऊ. म्हातारी म्हणते, मी माझे घर सोडून कुठे यायची नाही. आणि घरची बाई गप्प असते, कारण तिला कुणी विचारलेलेच नसते.

आपल्या समाजात शहराची आवड हा नुसता हौसेचा विषय नाही. ज्याच्या घरी चार एकर बागायत आहे त्याने पुणे चांगले की नाशिक चांगले यावर पानाचा विडा चघळत गप्पा माराव्यात. आपल्याला मात्र शहर निवडताना पोटाचा, पोरांच्या शिक्षणाचा आणि इभ्रतीचा विचार एकाच वेळी करावा लागतो. म्हणून या वेळी आपल्या नगर जिल्ह्यातून उठून आपली माणसे ज्या ज्या शहरांत गेली, त्या शहरांचा जरा हिशेब मांडू.

योग्य ठिकाणी राहणे हेही मंगल

आपण घरोघरी मंगलसुत्त म्हणतो. त्यात तथागतांनी उत्तम मंगल कोणकोणते ते सांगितले आहे. मूर्खांची संगत टाळावी, शहाण्यांची धरावी. आणि त्याच्याच जोडीला, योग्य प्रदेशात वास करावा हेही मंगल म्हटले आहे. आपण सुत्त पाठ म्हणतो, पण या वचनावर थांबून विचार करत नाही. राहण्याची जागा माणसाला घडवते किंवा बिघडवते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले आहे.

स्वतः तथागतांनी किती नगरे पाहिली! राजगृह, वैशाली, कौशांबी, वाराणसी. श्रावस्तीत तर त्यांनी 25 वर्षावास केले असे परंपरा सांगते. महापरिनिर्वाणाची वेळ आली तेव्हा ते कुशिनाऱ्याला होते. आनंदाला ते बरे वाटले नाही. या आडगावात नको, चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी मोठमोठी नगरे आहेत, तिथे आपले निर्वाण व्हावे, असे तो म्हणाला. म्हणजे शहराशहरांची तुलना आनंदानेही केली होती! तथागतांनी त्याला थांबवले. या गावाला लहान म्हणू नकोस, एके काळी हीच कुशावती नावाची भरभराटीची राजधानी होती, असे त्याला समजावले.

यातून आपण दोन गोष्टी घेऊ. जागा निवडावी, कारण तिचे महत्त्व आहे. पण मोठे नाव पाहून निवडू नये. नाही तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत होते.

गाव का सुटले?

शहराचा विचार करण्याआधी गाव का सुटले ते पोरांना सांगायला हवे. आजच्या पोरांना वाटते, आजा गरिबीमुळे मुंबईला गेला. गरिबी होतीच, पण तेवढेच कारण नव्हते.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट सुनावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. गावकुसाबाहेर ज्यांनी दिवस काढले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. महारकीच्या वतनाने आपल्या पूर्वजांना गावाला बांधून ठेवले होते. रात्री-अपरात्री बोलावणे आले की पाटलाच्या दारात उभे राहायचे, सरकारी टपाल पायी वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि बदल्यात बलुत्याची भाकर. हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्ष वतन गेले ते 1958 च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. तोवर ज्याला शक्य झाले त्याने पायानेच वतन मोडले. तो शहराकडे निघून गेला.

1942 च्या जुलैमध्ये नागपूरला भरलेल्या परिषदेत तर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. म्हणजे राहायचे कुठे हा प्रश्न आपल्या चळवळीने पहिल्यापासून राजकीय प्रश्न मानला.

आणि गाव आता बदलले आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला आपल्याच जिल्ह्यातली दोन नावे आठवण करून द्यावीत. 2013 साली नेवासे तालुक्यातल्या सोनईत दलित समाजाच्या तीन तरुणांचे खून झाले. 2014 साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपला शाळकरी मुलगा मारला गेला. दोन्हीकडे निमित्त एकच सांगितले गेले, वरच्या जातीतल्या मुलीशी असलेली ओळख. पोराला शहरात पाठवताना आईच्या मनात ही भीती असते. ती ती बोलून दाखवत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले, ते गावातल्या जमिनीसाठी. गाव सगळेच टाकून द्यायचे नसते. आपल्या वाट्याचा तुकडा मागून घ्यायचा असतो.

मुंबई : पहिली माउली

आपल्या जिल्ह्यातल्या अकोले, संगमनेर, पारनेर या भागांतली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आली. कल्याण-नगर रस्त्याने माळशेज घाट उतरला की कल्याण. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिकेची सफाई, अशी मिळतील ती कामे त्यांनी केली.

ही ये-जा ज्यांनी साहित्यात आणली ते दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 1978 साली त्यांचे 'बलुतं' आले. एका टोकाला गावचा महारवाडा आणि दुसऱ्या टोकाला मुंबईतला कावाखाना. वाचताना ध्यानात येते की शहरात गेल्याने दुःख संपत नाही, त्याची जात बदलते. गावात हुकूम होता, शहरात दाटी आणि दारू आली. पण शहरात पोरगा शाळेत गेला, लिहिता झाला, आणि सगळ्या महाराष्ट्राला ते वाचावे लागले. एवढा फरक पडतो.

मुंबईने तरी आपल्याला सुखासुखी कुठे घेतले? गिरणीत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्यात घ्यावे लागे, म्हणून तिथेही विटाळ आडवा आला, आणि पगार तर त्याच खात्यात जास्त होता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. लाल बावट्याखालीही जात असते हे तेव्हा उघड झाले.

तरीही बाबासाहेब मुंबईतच वाढले, मुंबईतच लढले. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत त्यांनी सुमारे 20 वर्षे काढली. रमाईने तिथेच काटकसरीचा संसार केला. मग दादरला पुस्तकांसाठी राजगृह उभे राहिले. आपल्या लोकांनी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी भरून टाकल्या. एकूण 207 इमारती, एकेका इमारतीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सगळ्यांत मिळून. त्या खोल्यांतून गावाकडच्या दहा-दहा माणसांनी पथारी टाकून दिवस काढले. त्याच चाळींच्या आवारात भीमजयंत्या झाल्या, जलसे झाले, वाचनालये निघाली. 1974 साली वरळीची दंगलही तिथेच झाली.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक घरांत पुन्हा भोंगा ऐकू आला नाही. कोणी गावाकडे परतला, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणाची बायको चार घरची धुणीभांडी करू लागली. एकाच धंद्यावर उभे असलेले शहर पायाखालून कसे सरकते, ते आपण तेव्हा पाहिले.

11 जुलै 1997 ही तारीखही विसरता येत नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, तर पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. तेव्हा शहरात गेलो की सुटलो, असे समजू नये.

आजची मुंबई नव्याने जाणाऱ्याला परवडत नाही. जागा मिळते ती अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याला, आणि दिवसाचे चार-चार तास लोकलमध्ये जातात. बाप पोराला झोपलेलाच पाहतो. ज्यांच्या आजोबांनी चाळीत खोली धरली, त्यांचे मात्र वेगळे. पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या रहिवाशांना 2025 च्या ऑगस्टमध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या दाटीनंतर घरातल्या घरात संडास आला, हे लहान सुख नव्हे.

पुणे : जवळचे, पण खर्चाचे

नगरहून पुणे सुमारे 120 किलोमीटर. सकाळची एस. टी. धरली तर दुपारी कामावर हजर. म्हणून आजच्या तरुणांचा ओढा तिकडे आहे. वाटेत पेरणे फाट्याजवळ भीमा कोरेगावचा विजयस्तंभ लागतो. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथे जाऊन शूरांना मानवंदना दिली. आपला पोरगा नोकरीसाठी त्याच रस्त्याने जातो, तेव्हा त्याने खिडकीतून तेवढे तरी पाहावे.

पुण्याचे दोन चेहरे आहेत. एक पेठांचा. त्या पुण्यात 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडले. 1929 साली पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला, तिथेही आपल्या लोकांनी दगड खाल्ले. त्याच पर्वतीच्या उतारावर आज जनता वसाहत आहे. ज्या टेकडीवर चढू देत नव्हते तिच्यावरच गरिबांची घरे चढली.

दुसरा चेहरा कारखान्यांचा. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचा डेपो, पुढे पिंपरी-चिंचवडची वसाहत. लष्करी आणि सरकारी नोकरीने आपल्या कितीतरी घरांना पहिला पक्का पगार, पहिले क्वार्टर आणि पहिली पेन्शन दिली. देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. म्हणून पुणे म्हटले की पोरांना शनिवारवाड्यासोबत देहूरोडही दाखवावे.

पण आता पक्की नोकरी कुठे राहिली? पोरगा कंपनीत जातो म्हणतो, पण असतो ठेकेदाराकडे. सात-आठ महिन्यांनी ब्रेक. एका खोलीत चार-पाच पोरे, भाडे वाटून, मेसचा डबा. महिन्याला घरी पैसे पाठवायचे म्हटले तर हातात काय उरते? अंथरूण पाहून पाय पसरावे, तर पुण्यात अंथरूणच भाड्याचे. म्हणून काही कुटुंबांनी मधला मार्ग काढला आहे. सुपे आणि रांजणगाव या औद्योगिक वसाहती नगर-पुणे रस्त्यावरच आहेत. शिरूर किंवा सुप्याला खोली घ्यायची, रविवारी घरी यायचे. पगार थोडा कमी, पण गाठीला चार पैसे राहतात आणि आई-बाप नजरेसमोर राहतात.

संभाजीनगर : शिक्षणाचे गाव

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, नगरहून साधारण पुण्याएवढेच दूर. पण आपल्यासाठी या शहराची गोष्ट वेगळी आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय बाबासाहेबांनी तिथे 1950 साली काढले, त्यालाच पुढे मिलिंद नाव मिळाले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या भागात त्यांनी मुद्दाम हे रोप लावले. पायात वहाण नसलेली पोरे नागसेनवनात आली आणि प्राध्यापक, न्यायाधीश, अधिकारी, कवी होऊन बाहेर पडली.

त्या शहराने त्रासही दिला. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत आपली घरे पेटली. प्रत्यक्ष नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडले. सोळा वर्षे लाँगमार्च, तुरुंग, आत्मबलिदाने. आज तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलीने विद्यापीठाच्या गेटवरचे नाव वाचताना ही किंमत ध्यानात ठेवावी.

राहायला शहर कसे? वाळूज, चिकलठाण्याला कारखाने आहेत. पुण्याच्या मानाने खोली स्वस्त. आपली वस्ती मोठी, विहारे पुष्कळ, शिकणाऱ्या पोराला अभ्यासिका मिळते आणि संगत मिळते. विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्धलेणी आहेत. उणे एकच, आणि ते मोठे : पाणी. वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांच्या आड पाणी येते. जायकवाडीचे धरण उशाशी असून घरात पिंपे भरून ठेवायची. हे दुखणे पुरुषाला वर्तमानपत्रातून कळते, बाईला हंड्यातून कळते.

नाशिक, मनमाड, नागपूर

नाशिकने आपल्याला 2 मार्च 1930 दिला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला ती घोषणा झाली, हिंदू म्हणून मरणार नाही. येवले म्हणजे आमच्या कोपरगावच्या पलीकडचे स्टेशन! आज नाशिकला सातपूर, अंबडचे कारखाने आहेत, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, हवा चांगली आणि त्रिरश्मी लेणी जवळ. अकोले-संगमनेरवाल्यांना ते सोयीचे.

दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या माणसांना मनमाडही आपलेच वाटते. 1938 च्या फेब्रुवारीत रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद तिथे भरली. कामगाराचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. तिथल्या पाण्याची टंचाई जुनी, पण रेल्वेच्या नोकरीने घरे उभी केली.

नागपूर आपली दीक्षाभूमी. पण नगरहून दूर, आणि उन्हाळा अंगावर येणारा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जावे, नतमस्तक व्हावे. संसार मांडायला जाणारे आपल्याकडचे थोडेच.

आणि आपले नगर?

पिकते तिथे विकत नाही, तसे आपण नगरला नावे ठेवतो. आता शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडातले नगर काही जात नाही. 1490 साली वसलेले हे शहर. महात्मा फुल्यांनी मुलींची शाळा काढण्याआधी मिशनच्या फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या त्या इथेच. 1947 साली इथे अहमदनगर कॉलेज निघाले. भिंगारची छावणी आहे, लष्कराची केंद्रे आहेत, एके काळी लुना बनवणारा कारखाना आहे. महानगरपालिका 2003 साली झाली.

नगरची अडचण अशी, की शिकलेल्या पोराला साजेल असे काम इथे कमी. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, आणि त्याचेच दोन तुकडे. उत्तरेला प्रवरेचे पाणी, साखर कारखाने आणि बंगले. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा दुष्काळ, आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन निघणारी कुटुंबे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला कोणते शहर आवडते असे कोण विचारणार? तिच्या पोरांची शाळा तेवढी नगरच्या किंवा तालुक्याच्या वसतिगृहात सुरू राहिली, तरी तिच्यासाठी तेच मोठे शहर.

पण नगरमध्ये खोली परवडते, भाजी परवडते, आजारी पडले तर नातलग तासाभरात येतात. आणि मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसे शोधावी लागत नाहीत. हा हिशेब पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

घरच्या बाईला विचारा

शहर निवडताना पुरुष पगार बघतो. बाई काय बघते? पाणी किती वाजता येते. संडास घरात आहे की बाहेर. पोरीला रात्री क्लासहून एकटी येता येईल का. जवळपास काम मिळेल का. शेजार कसा आहे. नवरा दारूच्या संगतीला लागेल असा गुत्ता जवळ आहे का. हे सगळे प्रश्न घर चालण्याचे आहेत. मुंबईत नांदलेल्या आपल्या जुन्या बायका अजून म्हणतात, खोली लहान होती पण बाहेर पडले की कोणी आडनाव विचारत नव्हते. गावात ज्या बाईला डोईवरचा पदर सावरत कडेने चालावे लागले, ती लोकलमध्ये सीटवर बसून गेली. या मोकळेपणाची किंमत रुपयांत कशी करणार?

पण आडनाव विचारणारे आता शहरात वाढले आहेत. खोली रिकामी असते, भाडे ठरते, आणि मग मालक नाव विचारतो. नाव सांगितले की खोली 'कालच दिली' होते. कधी मांसाहाराचे निमित्त, कधी 'सोसायटीचे नियम'. हे नवे नाही. 1917 साली बाबासाहेब परदेशातून पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीला गेले, तेव्हा त्या मोठ्या संस्थानी शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस बागेत बसून रडला. शहर मोजायची ती खरी पट्टी आहे : ते तुम्हाला तुमच्या नावासकट खोली देते का?

यावर उपाय नाव लपवण्याचा नाही. काही जण आडनाव बदलतात, घरात बाबासाहेबांची तसबीर लावत नाहीत, पोरांना जयभीम म्हणू देत नाहीत. अशाने खोली मिळते, घर मिळत नाही. भिंतीवरची तसबीर उतरवून मिळालेल्या खोलीत पोरगे काय शिकेल? आधी आपल्या वस्तीत पाय टेकावा, विहारात ओळख करावी, आपल्या लोकांच्या सहकारी गृहसंस्थेत शिरता येते का ते पाहावे. उशीर लागला तरी ताठ मानेने राहता येते.

निघण्याआधी कागद सांभाळा

आता थोडे व्यवहाराचे. शहरात जाणारे बहुतेक जण गावाकडच्या कागदांकडे पाठ फिरवतात आणि पोराच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ करतात. अनुसूचित जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. तुमचे कुटुंब त्या वेळी ज्या गावी राहत होते, दाखल्याचा धागा तिथेच जातो. आजोबाच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, असे कागद आजच काढून, नक्कल करून, ट्रंकेत ठेवावेत. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या कायद्याने मिळाल्या. त्या कागदाअभावी घालवू नका.

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी, सुरत, हैदराबाद, बंगळूरकडे नोकरी शोधणाऱ्यांनी, एक ध्यानात ठेवावे. आपल्या राज्यातला जातीचा दाखला तिकडच्या राज्य सरकारच्या सवलतींना चालत नाही. महाराष्ट्रात कुठेही गेलात तर ही अडचण नाही.

आणि शिकणाऱ्या मुलांसाठी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर निराश होऊ नका. 2016-17 पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. गंमत अशी, की सरकारनेच तिच्यात शहरांची तुलना करून ठेवली. योजना ठरली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये, संभाजीनगर-नाशिकसारख्या विभागाच्या शहरांत 51,000, आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये असा दर होता. पैसे मिळायला उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. पण अर्जच केला नाही तर काहीच मिळत नाही. समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू नियम विचारून घ्यावेत.

गावातले घर विकून शहरात जाऊ नका. पडके असले तरी घरपट्टी भरत राहा, उताऱ्यावरचे नाव टिकवा. वर्षातून एकदा, जयंतीला म्हणा किंवा वर्षावासात म्हणा, पोरांना तिथे न्या. आपला आजा कुठल्या दारात उभा राहिला होता, ते त्यांनी पाहिले पाहिजे.

मग कोणते शहर?

मला विचाराल तर मी असे सांगेन. पोरांच्या कॉलेजच्या वर्षांसाठी संभाजीनगर. तिथे शिक्षणाबरोबर चळवळीचे वारे लागते. नोकरीसाठी पुणे, पण कुटुंब हलवण्याआधी नोकरी पक्की होऊ द्यावी. मुंबईत ज्यांची जुनी खोली आहे त्यांनी ती जिवापाड जपावी, नवख्याने मात्र लोकलच्या चार तासांचा हिशेब आधी करावा. आणि उतारवयासाठी नगर, जिथे शेजारीण ताकाचा गडू घेऊन दारात येते आणि रविवारी वंदनेला चालत जाता येते.

तुमचे मत वेगळे असेल, असायलाच हवे. कोणाला समुद्र आवडतो, कोणाला डोंगर, कोणाला आपल्या बोलीचा कानावर पडणारा आवाज. एवढे मात्र पाहा, की ठरवताना घरातली सगळी माणसे बसली आहेत. पगार मिळवणारा, शिकणारी पोरगी, चूल सांभाळणारी आणि म्हातारी, चौघांचेही ऐकून घ्या. आपल्या आजोबांना असे बसून ठरवायची सवड नव्हती, त्यांना अंधारातच गाव सोडावे लागले. आपल्याला दिवसाउजेडी, सगळ्यांना विचारून, शहर निवडता येते. ही सवड त्यांनी मिळवून दिली आहे, ती वाया घालवू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!